डिसेंबरातली माशी

डिसेंबरच्या उत्तरार्धात, दक्षिण इंग्लंडमधला दिवस आक्रसून जेमतेम आठ तासांचा उरलेला असताना, महोनिया या बागेतल्या झुडपाच्या पिवळ्या तुऱ्यासमोर हॉवरफ्लाय ही माशी हवेत जागच्या जागी स्थिरावलेली दिसली, की इथल्या हौशी निरीक्षकांना फार अप्रूप वाटते आणि ‘उशिरा दिसलेली’ अशी तिची नोंद होते. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ते अप्रूप समजायला वेळ लागतो. कारण आपल्याकडे थंडी हाच या माशीचा सुगीचा काळ असतो, आणि रब्बीतल्या मोहरीवर किंवा फुलावर आलेल्या कोथिंबिरीवर ती दिसली नाही तरच नवल. शेतकरी तिला सिरफिड माशी म्हणून ओळखतात, कारण तिच्या अळ्या पिकावरची मावा ही कीड फस्त करतात.

यंदा दिसलेली माशी एपिसिरफस बाल्टिएटस या जातीची होती. ही जात भारतातही आढळते. नारिंगी पोटावर काळे पट्टे, एक जाड आणि त्याला लागून एक बारीक. दुरून पाहणाऱ्याला गांधीलमाशी वाटावी असा हा वेश, मात्र नांगीचा पत्ता नाही. पंखांची जोडीही एकच, कारण मागच्या जोडीच्या जागी दोन इवल्या गदा उरलेल्या असतात आणि हवेतला तोल त्याच सांभाळतात.

महोनिया ही आपल्या दारुहळदीच्या कुळातली. आयव्ही या सदाहरित वेलीचा बहर ओसरल्यावर इथल्या बागांत मध देणारे फारसे काही उरत नाही, तेव्हा ती फुलते. माशी तिच्या काटेरी पानावर ऊन खात बसली होती, त्यामुळे डोळे नीट पाहता आले. नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडतात. हिच्या डोळ्यांमध्ये स्पष्ट अंतर होते. म्हणजे मादी.

हे कळल्यावर ‘उशिरा’ हा शब्द मला पटेनासा झाला. या जातीच्या कित्येक माश्या शरद ऋतूत वाऱ्याचा रोख पाहून दक्षिणेकडे निघून जातात. इथे थांबतात त्यांतल्या फलित माद्या सदाहरित पाल्यात किंवा एखाद्या आडोशाच्या सांदीत हिवाळा काढतात आणि उबदार दुपारी चार घोट मधासाठी बाहेर येतात. सरत्या वर्षाच्या हिशेबात ही माशी शेवटची ठरेल खरी, पण वसंतात माव्याने भरलेल्या कोंबांवर अंडी घालणाऱ्यांत ती पहिल्यांपैकी असणार. नोंद करणाऱ्यांनी तारखेइतकाच लिंगाचाही उल्लेख आवर्जून करावा, असे मला वाटते. नुसत्या तारखेवरून ती वाट चुकलेली वाटते.

शेजाऱ्यांनी कुंपणावरची दाट आयव्ही जानेवारीत छाटून घ्यायचे ठरवले आहे. पुढच्या उन्हाळ्यात गुलाबांवर मावा पडला, की तक्रारही तेच करणार. तेव्हा छाटणी थोडी लांबवता येईल का, असे त्यांना विचारून पाहणार आहे.