आमची वाटचाल: जेट, निडल आणि मराठवाड्याचं ऊन

वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्या पट्ट्यात बोअरिंग, होनिंग, टर्निंगची छोटी शॉप्स वाढत गेली. आमचं वर्कशॉप त्यातलंच. काम शंभर ते दीडशे सीसीच्या इंजिनांचं: बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) वाढवणं, हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं काम आणि त्याला बसेल असा कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) लावून देणं. सुरुवातीला बोअरिंग हेच मुख्य काम होतं आणि कार्बोरेटरला शेवटचा अर्धा तास मिळायचा. आज ब्लॉक (सिलिंडर) दोन दिवसांत तयार होतो, ट्यूनिंगला मात्र तीन सकाळी लागतात. तो वेळ कुठे जातो, हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून हे लिहितोय.

आधी एक गैरसमज. जुन्या स्प्लेंडरचा बोअर ५० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४९.५ मिमी, म्हणजे ९७.२ सीसी. तोच ब्लॉक ५२.४ मिमीला नेला तर १०६.७ सीसी होतात. वाढ जवळपास दहा टक्के, मग मेन जेटही (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) तेवढाच मोठा टाका, असं गणित बरेच जण करतात. ते चुकतं. कार्बोरेटर तोच ठेवला तर त्याच गळ्यातून (हवेच्या वाटेतून) हवा जास्त वेगानं जाते, तिथली ओढ वाढते आणि त्याच जेटमधून पेट्रोलही आपसूक जास्त येतं. नुसत्या बोअरसाठी आम्ही फार तर एक-दोन नंबर वर जातो.

जेटचा खरा फरक पडतो तो फिल्टरचा डबा काढल्यावर, मोकळा सायलेन्सर लावल्यावर किंवा मोठ्या गळ्याचा कार्बोरेटर बसवल्यावर. डब्याची अडवणूक गेली की हवा जास्त येते, पण गळ्यातली ओढ कमी पडते. गाडी लीन होते, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. मोठ्या गळ्याचंही तेच. म्हणून आमचा सल्ला पहिल्यापासून एकच आहे: डबा काढू नका. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ उघड्या कोन फिल्टरमधून आत जाते आणि नव्या रिंगा लवकर खलास होतात. शिवाय बाजूनं वारा लागला तरी मिक्श्चर हलतं.

बोअर वाढवताना हेड तेच राहिलं तर कॉम्प्रेशनही, म्हणजे मिक्श्चर दाबलं जाण्याचं प्रमाणही, चढतं. मूळ प्रमाण ९ असेल तर ते ९.८ च्या आसपास जातं. त्यात गाडी लीन राहिली आणि वर मेचं ऊन असलं, तर चढावर इंजिन टणटण वाजायला लागतं. हा आवाज आला की ॲक्सिलेटर लगेच सोडायचा. हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटचं भोकही नव्या बोअरला पुरेल एवढं हवं. जुनीच गॅस्केट घातली तर तिची कड आत येते, तापून लाल होते आणि स्पार्कच्या आधीच मिक्श्चर पेटवते.

आमच्या कामात सगळ्यात मोठा बदल झाला तो जेट मोजायला लागल्यावर. केहिन या कार्बोरेटर कंपनीच्या जेटवरचा नंबर हा भोकाचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ७८ म्हणजे ०.७८ मिमी. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा नंबर मात्र प्रवाहावरून दिलेला असतो. त्यामुळे दोन्हीकडचा ८० एक नव्हे. बाजारातल्या नकली जेटवर नंबर एक आणि भोक भलतंच, हे तर नेहमीचं. म्हणून आम्ही एक साधं स्टँड केलं. वर पेट्रोलची बाटली, तिच्यात पातळी कायम राहील अशी सोय, जेटच्या वर ३०० मिमी उंचीचा स्तंभ आणि खाली मापाची नळी. बरोबर एक मिनिट धरायचं. ०.७८ च्या चांगल्या जेटमधून पन्नासेक मिली पडतं. आता प्रत्येक जेट आधी या स्टँडवर मोजतो, मग डबीत ठेवतो, आणि डबीवर छापील नंबर न लिहिता मोजलेले मिली लिहितो.

याच स्टँडवर तारेनं जेट साफ करण्याची सवयही उघडी पडली. पायलट जेटचं, म्हणजे स्लोला (ॲक्सिलेटर सोडलेला असताना) पेट्रोल देणाऱ्या जेटचं, भोक ०.३८ मिमी असेल आणि तारेनं ते ०.४० झालं, तर क्षेत्रफळ जवळपास अकरा टक्के वाढलं. डोळ्याला काहीच दिसत नाही. गाडी मात्र स्लोला धूर टाकायला लागते आणि मिस्त्री स्क्रू फिरवत बसतो. जेट पेट्रोलमध्ये भिजवायचा आणि हवेनं फुंकायचा. तरीही उघडला नाही तर नवा घ्यायचा.

आता क्रम. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) कंपनीच्या मापाला, प्लग आणि फिल्टर स्वच्छ, हे झाल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावत नाही. मग हवेची गळती. मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर ते हेड या नळीच्या) जोडांवर ब्रशनं साबणाचं पाणी लावायचं. स्लोचा आवाज बदलला तर ओ-रिंग गेली किंवा फ्लँज वाकलंय. मधला बेकलाइटचा जाड तुकडा काढून कोणी ॲल्युमिनियमचा घातला असेल तर तो परत बदलायचा. बेकलाइटनं हेडची उष्णता अडते. तो नसला की दुपारी कार्बोरेटरखालच्या बाउलमधलं पेट्रोल उकळायला लागतं, गाडी बंद पडते आणि थंड झाल्याशिवाय सुरू होत नाही.

त्यानंतर फ्लोट, म्हणजे बाउलमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग. बाउलच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती वर वळवून कार्बोरेटरच्या अंगाला टेकवायची, मग ड्रेन सैल करायचा. पेट्रोल दोन भागांच्या जोडाखाली काही मिमीवर, कंपनीनं दिलेल्या मापाला थांबलं पाहिजे. फ्लोटची जीभ वाकवताना निडल व्हॉल्व्हवरची बारीक स्प्रिंग दाबली जाणार नाही, हे बघायचं. पातळी चुकली की पुढचे सगळे जेट चुकतात. कॉकमधून मिनिटाला दीडशे मिली पेट्रोल मोकळं यायला हवं. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलेलं असेल तर फुल ॲक्सिलेटरवर गाडी थोडा वेळ पळते आणि मग उपाशी मरते. झाकण उघडून पाहिलं की दोष लगेच सापडतो.

ॲक्सिलेटरच्या ग्रिपवर पांढरी टेप आणि शेजारी एक खूण: बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. कार्बोरेटरचा कुठला भाग काम करतो, ते ॲक्सिलेटर किती उघडलाय त्यावर ठरतं, स्पीडोमीटरवर नाही. पावपर्यंत पायलट आणि स्लाइडची (ॲक्सिलेटरनं वर उचलल्या जाणाऱ्या पडद्याची) कापलेली कड, पाव ते पाऊण निडल (स्लाइडला लटकलेली निमुळती सुई), पाऊणच्या पुढे मेन जेट. ‘साठला मिस करते’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. साठला ग्रिप कुठल्या खुणेवर आहे, ते सांगा.

ट्यूनिंग मेनपासून सुरू करतो. तिसऱ्या गिअरला पूर्ण उघडून गाडी ओढू द्यायची आणि चोक किंचित लावायचा. गाडीची ओढ वाढली तर मेन लीन आहे. गाडी घुरघुरली, दाबली गेली, तर मेन पुरेसा आहे किंवा जास्तच. मग नवा प्लग लावून तशीच एक फेरी, आणि शेवटी ॲक्सिलेटर न सोडता क्लच दाबून त्याच क्षणी स्विच बंद. प्लगची चिनीमाती टोकाला नाही, आत खोल बुडाशी बघायची, तीही भिंगातून. बिनशिशाच्या पेट्रोलवर रंग हळू चढतो, म्हणून एका फेरीवर आम्ही निकाल देत नाही.

निडलला क्लिप अडकवायला पाच खाचा. क्लिप वर सरकवली की निडल खाली बसते आणि गाडी लीन होते. क्लिप खाली घेतली की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एकसारख्या चाळीसला गाडी हिसके देत असेल तर एक खाच खाली. काही गाड्यांच्या निडलला खाच एकच असते. तिथे क्लिपखाली अर्ध्या मिमीचा वॉशर घालतो.

पायलट सगळ्यात शेवटी आणि गरम इंजिनावर. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत फिरवला की रिच. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. पूर्ण आत नेताना आवळायचा नाही, टोक मोडून भोकात अडकतं. तिथून दीड फेरा बाहेर काढून सुरुवात, मग सगळ्यात जास्त आरपीएम कुठे मिळतो ते पाव-पाव फेऱ्यानं शोधायचं आणि स्लोच्या स्क्रूनं १४०० ला आणायचं. हवेचा स्क्रू एका फेऱ्याच्या आतच बरा वाटला तर पायलट जेट छोटा आहे. अडीचच्या पुढे गेला तर मोठा.

टू-स्ट्रोकवाल्यांना वेगळं सांगावं लागतं. १९८५ ते १९९६ या काळातली यामाहाची आरएक्स १०० अजून जपून ठेवलेली माणसं इथे बरीच आहेत. सुरक्षा म्हणून ऑइल जास्त घातलं तर त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं आणि गाडी उलट लीन होते. फोर-स्ट्रोकमध्ये लीनला पिकअप जातो; टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन जाम होतो.

ऋतूंचं गणित मराठवाड्यात टाळताच येत नाही. परभणीकडची दहा अंशांची सकाळ आणि मेची बेचाळीस अंशांची दुपार, यांत हवेच्या घनतेत अकरा टक्के फरक पडतो. मेमध्ये अगदी काटेकोर लावलेली गाडी जानेवारीत लीन निघते. म्हणून आम्ही सकाळी सात ते नऊमध्येच लावतो आणि प्रत्येक गाडीच्या कार्डावर त्या वेळचं तापमान, मेनचे मिली, क्लिपची खाच आणि स्क्रूचे फेरे लिहून देतो. थंडीत एक नंबर वर, एवढं गिऱ्हाईक घरीही करू शकतं.

त्यात आता २० टक्के इथेनॉल आलंय. पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आपोआप लीन. आपल्याच उसापासून तयार होणाऱ्या इंधनाला आमचा विरोध नाही, पण जेट त्याप्रमाणे बदलायला हवा. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात महिनाभर उभ्या गाडीच्या बाउलमध्ये पांढरा चिकट थर धरतो आणि जुने रबरी ओ-रिंग फुगतात.

रस्त्यावरच्या गाडीचे सीसी आरसीपेक्षा वेगळे करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. म्हणून बोअर वाढवलेलं इंजिन आम्ही फक्त बंदिस्त मैदानावरच्या गाड्यांना करतो. रस्त्यावरच्या गाडीला कंपनीचं माप आणि पीयूसीत बसेल असं मिक्श्चर. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं आणि नव्या गाड्या इंजेक्शनवर गेल्या, पण जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या गावोगावी रोज चालतायत. त्यांच्यासाठी जेटच्या डब्या आम्ही भरून ठेवल्यात.

गाडी आणताना टाकीत निम्मं ताजं पेट्रोल, जुना काढलेला जेट असेल तर तोही, आणि आधीचं कार्ड असेल तर ते सोबत ठेवा. इंजिन थंड असू द्या. आदल्या रात्री आणून लावलीत तर सकाळी सातला काम सुरू करता येतं.