बटाटे आधी, क्राउट नंतर

इथे जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्यात मी साउअरक्राउट, म्हणजे मिठात आंबवलेला कोबी, आणलं, त्यात कच्च्या बटाट्याच्या फोडी टाकल्या आणि पातेलं शेगडीवर ठेवलं. पाऊण तास झाला तरी सुरी फोडीत शिरेना. फोडी आणखी बारीक केल्या, झाकणावर पाणी ठेवलं, आच वाढवली. क्राउटचा पार लगदा झाला, बटाटे मात्र करकरीतच. रात्री सांगलीला आईशी बोलताना हे सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "अगं, आंबट आहे ना ते? मग आधी कशाला घातलंस? चिंच घातल्यावर डाळ शिजते का कधी?"

ती जन्मात कधी क्राउट बघितलेली नाही. पण तिच्या त्या एका वाक्याने मला क्राउट कळलं. तोवर मी त्याला कोबीची भाजी समजत होते. क्राउटमध्ये कोबी आहे खरा, पण स्वयंपाकात त्याची जागा चिंचेच्या, आमसुलाच्या, आंबट ताकाच्या शेजारी आहे. आंबटात बटाट्याला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन सुटत नाही, म्हणून फोड मऊ पडत नाही. बटाटा वेगळा उकडायचा आणि मग क्राउटमध्ये घालायचा. आपली आमटीची सवय तीच तर आहे.

आम्ही श्टुटगार्टच्या दक्षिणेला, फिल्डरच्या पठारावर राहतो. विमानतळ इथेच आहे आणि त्याच्या आसपास कोबीची शेतं आहेत. इथला खास कोबी गोल नसतो, निमुळत्या टोकाचा असतो. फिल्डरश्पिट्सक्राउट म्हणतात त्याला. शिरा बारीक, पान नाजूक, चव किंचित गोडसर. मशीनवर गोल गड्डा सोपा पडतो म्हणून याची लागवड फार कमी झाली होती. २०१२ साली युरोपीय संघाने त्याला भौगोलिक ओळखीचं संरक्षण दिलं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. ऑक्टोबरमध्ये लाइनफेल्डन-एश्टरडिंगनला क्राउटचा उत्सव भरतो. तिथून मी दर वर्षी दोन गड्डे आणते.

आमच्या घरमालकीणबाई तळघरात क्राउट घालतात. दुसऱ्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली बसले. किलोला वीस ग्रॅम मीठ, बस्स. लाकडी किसणीवर कोबी दोऱ्यासारखा पातळ किसायचा, मीठ लावायचं आणि हाताने चांगला रगडायचा. वरून थेंबभरही पाणी नाही. पहिली पाच मिनिटं नुसतं करकर वाजतं. मग हाताला ओल लागते, कोबी काचेसारखा पारदर्शक दिसायला लागतो आणि दहाव्या मिनिटाला मुठीतून पाणी गळतं. तो कोबी दगडी बरणीत दाबून भरायचा, वर दोन अर्धचंद्राकृती दगड ठेवायचे. कोबी खाराच्या पाण्याखाली बुडालेला राहिलाच पाहिजे. वर डोकावला तर बुरशी येते. बरणीच्या गळ्याभोवती पन्हळ असते, तिच्यात पाणी घालून झाकण बसवलं की आतली हवा बाहेर येते, बाहेरची आत जात नाही. तिसऱ्या दिवशी मी कान लावून बसले होते. थोड्या थोड्या वेळाने 'बुडुक' असा आवाज यायचा. विरजण नाही, व्हिनेगर नाही. पानांवरच असलेले जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात. पाच आठवड्यांनी बरणी उघडली तेव्हा वास नाकात चढला, आणि मला आमच्या माळ्यावरच्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीची आठवण आली.

पण दर वेळी घरी घालणं होत नाही. एरवी मी पाकीटच आणते. आम्ही शाकाहारी, त्यामुळे पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावी लागतात, कारण शिजवलेल्या तयार क्राउटमध्ये पुष्कळदा डुकराची चरबी असते. साधं क्राउट घ्यावं, ज्यात कोबी आणि मीठ एवढंच असतं.

घरी आल्यावर आधी एक चिमूट तोंडात टाकून बघायची. फार आंबट असेल तर काहीजण नळाखाली धुतात. मला ते पटत नाही, सगळा जीव वाहून जातो. मी मुठीत पिळते आणि निघालेलं पाणी वाटीत ठेवते. ते पुढे कामाला येतं. आणि मीठ नंतर, चव बघून. निम्म्या वेळा लागतच नाही.

आमच्याकडे आठवड्याला होणारा प्रकार घरमालकीणबाईंचा आहे. लोण्यात एक कांदा गुलाबी परतायचा, त्यात एक आंबट-गोड सफरचंद चिरून, मग अर्धा किलो क्राउट, एक तमालपत्र, चार-पाच जुनिपरची सुकी फळं जरा ठेचून आणि अर्धा चमचा क्युमेल. क्युमेल जिऱ्यासारखं दिसतं, पण जिरं नव्हे, वास अगदी वेगळा. कपभर पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास. शेवटी एक कच्चा बटाटा अगदी बारीक किसून त्यात ढवळायचा आणि दहा मिनिटं शिजवायचा. फोड शिजत नाही, पण हा कीस इतका बारीक असतो की विरघळून जातो आणि सगळं मिळून येतं. आपण पालेभाजीला बेसन लावतो, तसंच. याच्याबरोबर उकडलेले बटाटे, किंवा वेळ असेल तर शुपफनूडेल्न: उकडलेला गार बटाटा, मैदा, एक अंडं (आमच्याकडे एवढं चालतं) मळून, तळहातावर दोन्ही टोकं निमुळती वळायची, उकळत्या मिठाच्या पाण्यात वर तरंगेपर्यंत ठेवायची आणि मग लोण्यात खरपूस करायची. माझी मुलगी ती वळायला बसते तेव्हा मला आजीच्या हातचे गव्हले आठवतात.

उरलेलं क्राउट दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

माझे स्वतःचे तीन प्रकार आता घरात पक्के झालेत. पहिला, पीठ पेरून. तेल जरा सढळ, मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, कढीपत्ता मिळाला तर तोही. घट्ट पिळलेलं क्राउट पाच मिनिटं परतायचं, आधी कोरडं भाजून घेतलेलं बेसन वरून भुरभुरायचं, पाण्याचा हबका मारून दोन वाफा काढायच्या. बेसन आंबटपणा पिऊन घेतं. याला भाकरीच हवी. ज्वारीचं पीठ मी श्टुटगार्टला जाऊन आणते, ते या भाजीसाठीच.

दुसरा, थालीपीठ. सांगलीहून आलेली भाजणी, बारीक चिरलेलं क्राउट, तिखट, तीळ, आणि मळायला ते वाटीत राखून ठेवलेलं आंबट पाणी. मीठ अजिबात नको. कडा अशा कुरकुरीत होतात की पहिलं थालीपीठ ताटापर्यंत पोचत नाही.

तिसरा प्रकार आईला फोनवर ऐकवला तेव्हा ती जरा थांबली, मग म्हणाली, "होईल गं, चांगलंच होईल." तुरीची डाळ मऊ शिजवून घोटायची, फोडणी, गोडा मसाला, गूळ नेहमीपेक्षा किंचित जास्त, आणि चिंचेच्या ऐवजी मूठभर क्राउट. दहा मिनिटं उकळी. कोबीचे दोरे आमटीत मऊ पडतात आणि आंबटपणा चिंचेसारखा टोचत नाही, सगळीकडे पसरतो.

मार्चमध्ये आई येतेय. बरणीत शेवटचं किलोभर उरलंय, ते मी तिच्यासाठी बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवलंय. आमटी तिनेच करायची असं ठरलंय. डाळ मी शिजवून ठेवीन.