मे महिन्यात डायपर घालून ऐरोलीच्या होडीत

गेल्या मे महिन्यात धाकट्या बहिणीबरोबर ऐरोलीच्या खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघून आले. माझं वय ६३, राहणं ठाण्यात नौपाड्याला, आणि गेली चार वर्षं घराबाहेर पडताना मी डायपर घालते. शिंक, खोकला, जिन्याची शेवटची पायरी, काहीही निमित्त पुरतं. शिवाय बाहेरून आलं की कुलपात किल्ली फिरवेपर्यंतही धीर निघत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. होडीतून पक्षी कसे दिसतात ते सांगणारे पुष्कळ भेटतील. तासभर पाण्यावर, डोक्यावर ऊन, जवळपास स्वच्छतागृह नाही आणि आत डायपर, अशा अवस्थेत ते कसे बघायचे ते मी सांगते.

आदल्या वर्षीची फजिती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वाशीला मुंज होती, तीही मेमध्येच. मी तीन अकलेची कामं केली. सकाळपासून पाणी बंद ठेवलं. जास्त शोषेल म्हणून एक साइज मोठा डायपर घातला. आणि वर खबरदारी म्हणून आत साधं सॅनिटरी नॅपकिन लावलं. मंगलाष्टकं संपायच्या आत डोकं गरगरायला लागलं, लघवीला आग होत होती, आणि मोतिया साडीवर मागे पंजाएवढा डाग. कोणी काही बोललं नाही. नात्यातल्या एका बाईंनी "पदर मागून घ्या, वहिनी" एवढंच सांगितलं.

पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, मूत्राशयाला झोंबते आणि उलट जास्त घाई लागते. उन्हाळ्यात चक्कर येते ती वेगळीच. मोठ्या साइजमध्ये कंबर मोठी असते आणि मांडीजवळची फटही मोठी असते, गळती होते ती तिथूनच. नॅपकिनला खालून प्लॅस्टिक असतं, त्यामुळे ते भरलं की लघवी खालच्या डायपरमध्ये न उतरता बाजूने वाहते. जादा पॅड लावायचंच असेल तर खाली प्लॅस्टिक नसलेलं, आरपार जाऊ देणारं वेगळं मिळतं, तेच घ्यावं.

मुंजीनंतर मात्र यूरोलॉजिस्टकडे गेले. लघवीतला संसर्ग, वाढलेली साखर आणि बद्धकोष्ठ या तिन्हींनी गळती वाढते, म्हणून आधी ते तपासून झालं. मग फिजिओथेरपिस्टने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम शिकवले. तीन महिने नेमाने केले तेव्हा फरक पडला, पण डायपर सुटला नाही. ज्या बायका डॉक्टरला न दाखवता थेट मेडिकलमधून पाकीट आणून मोकळ्या होतात त्यांच्यावर माझा राग नाही, मीही तीन वर्षं तेच केलं.

आता ऐरोली. होडी खाडीकाठच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटते. ठाणे खाडीचा हा भाग २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, गेला. पण आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की होडीची वेळ भरतीवर ठरते आणि रोज बदलते. आधी नोंदणी करावी लागते, तेव्हाच सकाळची लवकरची फेरी ज्या दिवशी असेल तो दिवस धरावा. आम्ही बहिणीच्या सवडीने दिवस धरला आणि अकराची फेरी पदरात पडली. मे महिना, अकरा वाजता, खाडीत. शहाण्याने हे करू नये.

घरून निघतानाची तयारी हीच निम्मी सहल. अंघोळ झाल्यावर पंचाने टिपून घेतलं, घासून नाही, आणि पाच मिनिटं पंख्याखाली बसले. बहीण दाराबाहेरून म्हणाली, "ताई, पावडर लाव गं थोडी, घाम येणार आहे."

"घामात पावडरचा चिखल होतो. जांघेत गोळे होतात आणि तेच काचतात."

पावडरऐवजी झिंक ऑक्साइडचं मलम, तेही इतकं पातळ की बोट फिरवलं तर कातडी दिसली पाहिजे. जाड थर दिला की तो डायपरच्या आतल्या कापडाला चिकटतो आणि ओल शोषलीच जात नाही. मग डायपर चढवल्यावर एक काम बहुतेकजणी विसरतात. मांडीच्या दोन्ही बाजूंना आत ज्या उभ्या झालरी असतात त्या बोट घालून उभ्या करायच्या. त्या आडव्या पडल्या असतील तर डायपर कितीही महाग असो, पहिल्याच झटक्याला पाणी बाजूने जातं, कारण आतल्या जेलला शोषायला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ ते अडवून धरायचं काम झालरींचं असतं. साइजसाठी शिंप्याची फीत घेऊन कंबर आणि नितंब मोजा. एका कंपनीचा एम दुसरीच्या एलएवढा निघतो. पाकिटावरच्या मिलिलिटरच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. तो आकडा बसलेल्या बाईचा नसतो, बसलं की वजनाने सगळं दाबलं जातं.

कपडे: गडद छापील सुती कुर्ता, गुडघ्याच्या खाली जाणारा, आणि सैल सलवार. साडी नेसले नाही, कारण परकराची नाडी नेमकी डायपरच्या वरच्या इलॅस्टिकवर बसते आणि कंबरेला वळ उठतात. लेगिंग हवा कोंडते. पलाझोची टोकं स्वच्छतागृहाच्या ओल्या फरशीत भिजतात, हे अनुभवाचे बोल. डायपरवरून एक सुती निकर घालते, त्याने तो अंगासरशी राहतो आणि चालताना खाली ओघळत नाही.

ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून वाशी किंवा पनवेल लोकल धरायची. दिघा गाव गेलं की ऐरोली, दहा-बारा मिनिटांचा प्रवास. फलाटावरचा चहा मी सोडला. पाणी सोडायचं नाही, चहा-कॉफी सोडायची, कारण त्याने मूत्राशय चेकाळतो. पाणी घोटघोट, दर पंधरा-वीस मिनिटांनी. एकदम अर्धी बाटली रिचवली की तासाभराने त्याचा हिशेब होतो. केंद्रावर पोचल्यावर, गरज वाटत नसली तरी, होडीत चढायच्या आधी स्वच्छतागृहात जाऊन आले.

होडीत मला वाटलं नव्हतं असा एक वैरी भेटला: लाइफ जॅकेट. ते घालावं लागतं आणि घालावंच. पण खालचा पट्टा होडीवरच्या मुलाने नेहमीच्या सवयीने करकचून ओढला तो थेट ओटीपोटावर. भरल्या मूत्राशयावर कोणी गुडघा ठेवावा तसं झालं. मी त्याला म्हटलं, "बाळा, खालचा जरा सैल कर, वरचे दोन घट्ट राहू देत." त्याने काहीही न विचारता केलं. तुम्हीही सांगा, फक्त पट्टा सोडून टाकू नका.

फायबरचं बाकडं तापलेलं होतं. मी पंचाची घडी करून खाली घेतली. दहा मिनिटांत पाठीतून घामाची धार निघाली आणि कंबरेवरून खाली उतरली. तिथून पुढे वीस मिनिटं माझं लक्ष पक्ष्यांकडे नव्हतं. हा घाम आहे की गळतंय? जॅकेटच्या आत सगळंच ओलं, सगळंच गरम. मग दोन गोष्टी ताडून पाहिल्या. घाम वरून येतो, पाठीचा कुर्ताही चिंब असतो. गळती मांडीच्या आतल्या बाजूने, एकाच जागी सुरू होते. पंचाखाली हात घातला, मांडीखालची घडी कोरडी होती. तेव्हा कुठे मान वर केली. समोर चिखलाच्या पट्टीवर शेकडो रोहित माना खाली घालून चरत होते, आणि एक थवा उडाला तेव्हा पंखांखालचा लाल-काळा रंग एकदम उघडला. बहिणीने आधीच वीस फोटो काढले होते.

उतरताना ती माझ्या मागे राहिली. पायरीवर हळूच म्हणाली, "काही नाही ताई, चल." असं एक माणूस बरोबर असावं.

तिथून वाशीला भाचीकडे जेवायला जायचं होतं, पण तोवर थांबले नाही. डायपर लघवीने जेमतेम ओला होता, तरी बदलला. माझा सगळा अनुभव या एका गोष्टीत आहे: मे महिन्यात डायपर लघवीने भरायच्या आधी घामाने बाद होतो. घामाने कातडी भिजून मऊ पडते, त्यावर इलॅस्टिक घासतं आणि चट्टे उठतात. हवा खेळती राहणारा, कापडासारख्या पाठीचा डायपर चकचकीत प्लॅस्टिकवाल्यापेक्षा पुष्कळ बरा, पण आपल्या हवेतच इतका दमटपणा की ओल जाणार तरी कुठे? म्हणून डायपरच्या बाहेरचा, ओल दाखवणारा पट्टा रंग बदलेपर्यंत वाट बघायची नाही. उन्हात दर तीन तासांनी बदलायचा, घड्याळ बघून.

बदलायची जागा हा वेगळाच छळ. भाचीकडे पोचायच्या आधी वाशीला ज्या स्वच्छतागृहात गेले तिथे दाराला कडी होती, पण पिशवी टांगायला खुंटी नव्हती आणि फरशीवर पाणी. माझ्या पर्समध्ये एस आकाराचा हूक असतो, तो दाराच्या वरच्या कडेला अडकवला. खाली जुनं वर्तमानपत्र टाकून त्यावर उभी राहिले. पॅन्ट-टाइप काढताना बाजूची शिवण फाडून काढा, पायातून ओढलात तर सगळं पायांना लागतं. पण नवा चढवायला सलवार पूर्ण उतरवावी लागतेच. म्हणून प्रवासात दुसरा डायपर मी चिकटपट्टीचा ठेवते. सलवार गुडघ्यापर्यंत सरकवून, भिंतीला पाठ टेकवून तो लावता येतो. घरी चार वेळा सराव करा, स्वच्छतागृहात पहिल्यांदा करून बघू नका. वापरलेला गुंडाळून, त्याच्याच पट्टीने बंद करून, कागदात आणि काळ्या पिशवीत. कमोडमध्ये कधीही नाही. कचऱ्यातही ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा द्यायचा असतो.

जेवल्यावर तुर्भ्याच्या फळबाजारात हापूस घ्यायला गेलो. घाऊक व्यवहार पहाटेच उरकलेला, उरलेले खोके घेऊन दोघं-तिघं बसलेले. आंबेवाल्याने खोका सरळ माझ्या हातात दिला आणि मी वाकून तो घेतला. तेवढं पुरलं. डायपर होता म्हणून कोणाला कळलं नाही. वजन उचलायच्या, शिंकायच्या किंवा उठायच्या आधी क्षणभर तळाचे स्नायू आवळून धरायचे, हे फिजिओथेरपिस्टने दहादा सांगितलं होतं. आंब्याच्या वासापुढे काही आठवलं नाही. पुढे खोका बहिणीने उचलला.

घरी सातला पोचलो. जांघेत डाव्या बाजूला इलॅस्टिकची लाल रेघ होती, पण पुरळ नव्हतं. रेघ सकाळपर्यंत जाते. तांबडा चट्टा पसरला आणि भोवती बारीक ठिपके दिसले तर ती बुरशी समजावी आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. मेडिकलमधलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम आपल्या मनाने लावू नये, दोन दिवस बरं वाटतं आणि मग ते दुप्पट पसरतं. मी एकदा भोगलंय.

रात्री डायपर नाहीच घातला. गादीवर रबरी कापड, त्यावर जुनी सुती चादर, पंखा पाचवर. कातडीला असे कोरडे तास द्यावे लागतात. खोक्यातले आंबेही अजून दोन दिवस पिकायचे होते, त्यामुळे तोवर घराबाहेर पडायचं काही कारण नव्हतं.