दिसलं का?

माझ्या फोनमध्ये सातशेच्या आसपास छायाचित्रांचा एक अल्बम आहे, ज्याला मी अजून नाव दिलेले नाही, कारण या सगळ्या चित्रांना एकत्र बांधणारा शब्दच मला सापडत नाही. त्यात एक ढोबळी मिरची आहे, जी मधोमध चिरल्याबरोबर आतून कुणावर तरी खेकसताना दिसते. दोन तोट्यांचे आणि एका नळाचे एक रडवेले बेसिन आहे. अमेरिकेतील घरांच्या भिंतीवर असते तसले सॉकेट आहे; ते बिचारे जन्मतःच दचकलेले असते, कारण वरच्या दोन उभ्या फटी म्हणजे त्याचे डोळे आणि खालचे भोक म्हणजे वासलेले तोंड. आपल्याकडच्या सॉकेटात मोठे भोक वर असल्यामुळे असा चेहरा सहसा दिसत नाही. त्यासाठी एखाद्या घाईतल्या वायरमनने ते उलटे बसवावे लागते. तसलेही एक माझ्या संग्रहात आहे, आणि ते आमच्याच जिन्यातले आहे.

ही चित्रे मी एकट्याने पाहून ठेवून देतो असे मात्र होत नाही. चित्र मिळाले की मी ते प्रथम आईला दाखवतो आणि विचारतो, "दिसलं का?" ती चष्मा कपाळावरून नाकावर आणते, फोन हातभर लांब धरते आणि बहुतेक वेळा म्हणते, "मिरची आहे. त्यात काय दिसायचंय?" मग मी बोट ठेवून डोळे दाखवतो, तोंड दाखवतो, आणि काही क्षणांनी तिच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो. त्यानंतर तिला ती मिरची पुन्हा नुसती मिरची म्हणून दिसत नाही. एकदा तर भाजी चिरताना तिने सुरी थांबवून मला हाक मारली होती.

नसलेले चेहरे दिसण्याची ही खोड माणसाच्या मेंदूला उपजतच असावी. माणसाचा चेहरा ओळखायला आपण इतके उतावीळ असतो की दोन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ एवढ्यावरही आपले भागते. यातले सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र तर पृथ्वीवरचेही नाही. २५ जुलै १९७६ रोजी नासाचे व्हायकिंग १ हे यान मंगळाभोवती फिरत पुढच्या यानाला उतरायला जागा शोधत होते, तेव्हा त्याने सायडोनिया नावाच्या प्रदेशातील एका टेकडीचे छायाचित्र टिपले. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या त्या टेकडीवर तिरपे ऊन पडले होते आणि सावल्यांनी तिला डोळे, नाक आणि तोंड बहाल केले होते. हा उजेड-सावलीचा खेळ आहे, असे नासाने चित्र प्रसिद्ध करतानाच सांगितले होते, पण एवढा रेखीव चेहरा समोर असताना खुलासा कोण वाचतो? पुढे २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानाने त्याच टेकडीचे कितीतरी स्पष्ट छायाचित्र पाठवले आणि चेहऱ्याच्या जागी झिजलेली, ओबडधोबड टेकडी निघाली. माझ्या अल्बममध्ये ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी आहेत, आणि खरे सांगायचे तर मी दुसरे चित्र फारसे उघडत नाही.

आईला मंगळाचे काही विशेष वाटले नाही. "चंद्रावर ससा आहेच की," ती म्हणाली. यावर मला बोलता येईना, कारण तिच्या बाजूने सगळा शब्दकोश उभा होता. चंद्राला आपण शशांक म्हणतो, म्हणजे ज्याच्यावर सशाची खूण आहे तो. आणि त्यालाच मृगांकही म्हणतो, म्हणजे ज्याच्यावर हरणाची खूण आहे तो. फार पूर्वी कुणीतरी त्या काळसर डागांकडे बोट दाखवून शेजारच्याला "दिसलं का?" असे विचारले असणार, शेजाऱ्याला दुसरेच काहीतरी दिसले असणार, आणि त्या दोघांचा वाद न मिटल्यामुळे भाषेने दोन्ही नावे ठेवून घेतली असणार, असे मला वाटते. चीन आणि जपानमधल्या लोकांनाही तेथे ससाच दिसतो, तर युरोपातल्या लोकांना माणूस.

आपोआप झालेल्या चित्रांइतकीच मुद्दाम रचलेली चित्रेही माझ्याकडे आहेत. त्यातले एक बहुतेकांनी पाहिलेले असेल. पक नावाच्या अमेरिकी विनोदी साप्ताहिकात १९१५ साली डब्ल्यू. ई. हिल या व्यंगचित्रकाराचे एक रेखाचित्र छापून आले, 'माझी बायको आणि माझी सासू'. चित्रात बाई एकच, पण ती पाहाल तशी बदलते: तरुणीची हनुवटी म्हणजे म्हातारीचे नाक, तरुणीचा कान म्हणजे म्हातारीचा डोळा, आणि तरुणीच्या गळ्यातला पट्टा म्हणजे म्हातारीचे तोंड. आईला म्हातारी तत्काळ दिसली. "सासू दिसली, सून कुठे आहे?" असे तिने विचारले, तेव्हा ही नवऱ्याची सासू आहे, म्हणजे मुलीची आई, हे मला समजावून सांगावे लागले, आमच्या घरात सासू म्हटली की ती सुनेचीच असते. तरुणी सापडायला तिला दोन दिवस लागले. माझ्या पत्नीला आधी तरुणी दिसली होती, आणि यावरून घरात कोणी काही निष्कर्ष काढू नये म्हणून मी विषय बदलला.

मिलानचा चित्रकार ज्युसेप्पे आर्चिम्बोल्दो याने सोळाव्या शतकात याहून मोठी गंमत करून ठेवली आहे. फळे, भाज्या आणि फुले रचून त्याने माणसांची तोंडे केली. सम्राट रुडॉल्फ दुसरा यालाही त्याने असेच भाजीपाल्यातून घडवले आणि सम्राटाला ते रुचले, हे विशेष. त्याच्या एका चित्रात काळसर वाडग्यात कांदा, मुळा, गाजर अशी भाजी भरलेली दिसते, आणि चित्र उलटे धरले की वाडग्याची टोपी होऊन खाली गुबगुबीत गालांचा माळी हसू लागतो. हे मी आईला टॅबवर दाखवायला गेलो आणि फजीत झालो. टॅब उलटा केला की चित्र शहाण्यासारखे पुन्हा सुलटे होई. शेवटी आईनेच मान वाकडी करून, जवळजवळ गुडघ्याला कपाळ टेकवून, तो माळी पाहिला.

पण या अल्बममध्ये मी वरचेवर ज्याकडे परत जातो ते चित्र अजिंठ्याचे आहे. पहिल्या लेण्यातील एका खांबाच्या माथ्यावर चार हरणे कोरलेली आहेत आणि चौघांत मिळून डोके एकच आहे. कोणत्याही एका हरणावर नजर ठेवून बाकीची तीन अंगठ्याने झाकली तर ते हरीण पुरते असते, त्याची मान त्या डोक्यात अगदी बिनतक्रार मिसळते. अंगठा सरकवला की तेच डोके दुसऱ्याचे होते. तमिळनाडूत दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात बाराव्या शतकातील शिल्पकाराने बैल आणि हत्ती यांना असेच एका डोक्यात जोडले आहे. अजिंठ्याला मी शाळेच्या सहलीत गेलो होतो आणि त्याच खांबाखालून गेलो असणार, पण तेव्हा माझे सगळे लक्ष डब्यातल्या पुऱ्यांकडे होते. ती हरणे मला दिसली ती तीस वर्षांनी, रात्री अकरा वाजता, सहा इंचांच्या काचेवर, आणि तीही कुणीतरी लाल रंगाचा बाण काढून ठेवला होता म्हणून. त्या बाणाचा मला राग आला नाही, कारण दीड हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या एका डोक्यामागचा प्रश्न तोच पुढे चालवत होता.

अलीकडे यंत्राकडून करून घेतलेली चित्रेही येऊ लागली आहेत, ज्यात डोंगरातले गाव लांबून पाहिले की चेहरा दिसतो. ती सफाईदार असतात, पण मी ती ठेवत नाही. बेसिनपुढे दात घासताना कुणीतरी थबकले, ही गोष्ट त्यात नसते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल धरली आणि खिडकीखालचे पोपडे निघाले. परवा रंगारी माप घेऊन गेला. तो गेल्यावर आई त्या भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मला म्हणाली, "दिसलं का?" मी जवळून पाहिले, लांबून पाहिले, मान वाकडी करून पाहिले, शेवटी फोटो काढून तो उलटाही केला. ती काय ते सांगायला तयार नाही. रंगाऱ्याला मी सध्या बाहेरच्या खोलीपासून सुरुवात करायला सांगितले आहे.