हात पसरायचा नाही

वडील वारीला निघताना एकच बजावायचे: दिंडीची भिशी, म्हणजे वाटखर्चाची वर्गणी, भरायची, पंगतीत वाढतील ते खायचं आणि वाटेत कुणापुढे हात पसरायचा नाही. त्यांच्या माघारी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघताना मी हा नियमही सोबत घेतो.

आता मात्र हात पसरावाच लागत नाही. पुण्यात शिरल्यापासून बिस्किटांचे पुडे, राजगिऱ्याचे लाडू, पाण्याच्या बाटल्या हातात कोंबल्या जातात. नको म्हटलं की लगेच, "माउली, आमची सेवा नाकारता?"

दिवे घाट चढताना माझ्या चपलेचा अंगठा निघाला. सासवडच्या मुक्कामी रस्त्याकडेला एक दादा चपला शिवत बसले होते. बोटांवर दोऱ्याचे वळ, शेजारी वारकऱ्यांच्या चपलांचा ढीग. त्यांनी अंगठा शिवला, न सांगता टाचेलाही दोन खिळे मारले. मी पैसे पुढे केले, तर त्यांनी माझी मूठ मिटवली. "धंदा वर्षभर करतोच की. चालायला जमत नाही, म्हणून इथं बसलोय." मी त्यांच्या पाया पडलो, ते माझ्या पडले. यात वडिलांचा नियम मोडला असं मला वाटत नाही. पैसे रेटले असते, तर त्यांची वारी मी विकत घेतल्यासारखं झालं असतं.

चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोड्यांची दौड, आटोपलं आणि पावसानं गाठलं. पुढे एका मांडवात रेनकोट वाटप चालू होतं. पाठीवर पुढाऱ्याचा फोटो. आमच्या दिंडीतली एक आजी कुडकुडत उभी होती. तिला डोक्यावरची तुळस खाली ठेवून, रेनकोट छातीशी धरून कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. माझं डोकंच फिरलं. माझा प्लास्टिकचा कागद तिच्या खांद्यावर टाकला आणि तिला घेऊन पुढे निघालो.

दिंडीतली पोरं म्हणाली, "काका, देतात तर घ्यावं की!" त्यांचंही खोटं नाही. भिजून ताप आला, तर शेतमजुराची वारी तिथंच संपते.

तरडगावला हरिपाठ झाल्यावर मी विणेकरीबुवांपुढे विषय काढला. ठरलं ते असं: ऐपत असेल त्यानं भिशीत जास्त घालायचं, त्यातून सगळ्यांना कागद घ्यायचे, दारातली भाकरी नाकारायची नाही, फोटोसाठी कुणी उभं राहायचं नाही. दोघा पोरांना शेवटचं कलम पटलेलं नाही. फलटण ओलांडून बरडपर्यंत आमचा वाद चालला होता, आणि पुढच्या वारीतही तो होणारच.