हीट पंप बसवला, तरी बिल का उतरेना?

आज एका वसतिगृहाच्या गच्चीवर नेमका हाच प्रश्न होता. हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र, ठणठणीत आहे.

आधी हिशेब. १००० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला साधारण ३५ युनिट उष्णता लागते. कॉइलचा गिझर तेवढीच वीज खातो, सीओपी (एक युनिट विजेमागे किती युनिट उष्णता मिळते तो आकडा) ३.५ असेल तर हीट पंप १० युनिटांत भागवतो. ही बचत गळते ती आजूबाजूला. इथे यंत्र पत्र्याच्या बंद शेडमध्ये, म्हणजे पंख्याने फेकलेली गार हवाच परत आत. सेटिंग ६५ वर. वाढीव प्रत्येक अंशामागे सीओपी साधारण दोन टक्क्यांनी घसरतो. ५५ पुरे, जंतूंसाठी आठवड्यातून एकदा ६० च्या वर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिटर्न लाइनचा (नळांपर्यंत गेलेलं गरम पाणी टाकीत परत आणणाऱ्या पाइपाचा) पंप चोवीस तास चालू आणि पाइप उघडे! रात्रभर टाकीतली उष्णता हवेत. पाइपांना २५ मिमी नायट्राइल रबर, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा (नाहीतर उन्हाने रबराचा भुगा होतो), पंपाला टायमर. एवढं आधी करा.

बोअरचं पाणी असेल तर कंडेन्सरमधला (यंत्रातला गॅस जिथे पाण्याला उष्णता देतो त्या भागातला) क्षार वेळेवर काढा. तो साचला की हाय प्रेशर ट्रिप होते (गॅसचा दाब वाढून यंत्र आपोआप बंद पडतं), आणि लोक गॅस भरून घेतात. त्याने दाब आणखीच वाढतो.