काळ्या मातीची ढेकळं आणि आमचा रोटर

इंदूरला सांवेर रोडवर माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. राऊकडच्या एका नर्सरीवाल्या काकांना रोपांच्या पिशव्या भरायला भुसभुशीत माती लागते. ढेकळं फोडताना त्यांच्या माणसांचे हात सोलून निघायचे. म्हणाले, "ट्रॅक्टर दारात उभाच असतो, त्यावर चालेल असं काहीतरी कर."

ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, म्हणजे पीटीओ, मिनिटाला ५४० फेरे देतो. त्यावर चालणारा, हातोड्या लावलेला दुसरा दांडा, म्हणजे आमचा रोटर, ढेकळं फोडणार. हातोड्यांच्या टोकापासून टोकापर्यंत ४० सेंटिमीटर धरले, तर टोकाचा वेग सेकंदाला जेमतेम ११ मीटर होतो. उन्हात वाळून दगड झालेल्या ढेकळाला तेवढा पुरणार नाही. म्हणून मोठी आणि छोटी पुली लावून फेरे दुप्पट केले. हातोड्या ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांतून कापल्या आणि पिनांवर झुलत्या ठेवल्या, म्हणजे मातीत दगड आला तरी हातोडी मागे फिरते, शाफ्टला धक्का बसत नाही.

सगळ्यात जास्त वेळ तोलात गेला. प्रत्येक हातोडी वजनकाट्यावर ठेवून समोरासमोर सारख्या वजनाच्या जोड्या लावल्या. मग रोटर दोन सपाट कडांवर ठेवून हलकेच फिरवायचा. जड बाजू आपोआप खाली येते. तिथलं लोखंड घासायचं आणि पुन्हा पाहायचं. पोरं कंटाळली, पण एवढ्या वेगात थोडासा फरकही बेअरिंग खातो. यात मी घाई करू देत नाही.

चाचणीच्या दिवशी पहिल्या घमेल्यांना माती चहाच्या पावडरीसारखी पडली. सगळे खूश. थोड्या वेळात आवाज जड झाला, पट्टे घसरू लागले, खाली काही पडेना. पीटीओ सोडवला, ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात घातली आणि रोटर पूर्ण थांबेपर्यंत कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. झाकण उघडलं तर काकांनी मागितलेली बारीक जाळी लिंपून बंद झालेली. एक ढेकूळ फोडून पाहिलं: वरून खडखडीत, आत ओल. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते आणि ओली असेल तर लोखंड सोडत नाही.

जाळी काढली. त्या जागी रोटरखाली अर्धगोलात लोखंडी पट्ट्या उभ्या बसवल्या. गोलाईमुळे फट आत अरुंद, बाहेर रुंद होते, त्यामुळे तिच्यात शिरलेला तुकडा अडकत नाही, खाली सुटतो. बारीक चाळण्याचं काम बाहेर तिरप्या चाळणीवर सोपवलं. आणि काकांना सांगितलं, माती पसरून, उलथून, गाभ्यापर्यंत वाळवल्याशिवाय आत टाकायची नाही. दुसऱ्या खेपेला ट्रॉलीभर माती न थांबता निघाली.

निघताना काका म्हणाले, "पीटीओच्या शाफ्टवरचं ते कव्हर काढून दे बाबा, ग्रीस भरायला अडतं."

"काका, लुगड्याचा पदर नाहीतर गमछ्याचं टोक त्यात गेलं तर माणूस ओढला जातो. कव्हर निघणार नाही."

ग्रीसच्या निपलसमोर बिजागरीची छोटी खिडकी करून दिली आणि मगच मशीन ट्रॉलीत चढवलं.